मुलं इथली होताना

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम घ्या. जेवणाच्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईबाप एकत्र आले की विषय फिरून तिथेच येतो. अमक्यांच्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडला. तमक्यांच्या मुलीला मॉलमध्ये सिक्युरिटीने अडवलं. मग आवाज खाली येतो आणि कोणीतरी म्हणतं, "इथलं वारं लागलं, दुसरं काय!" सगळे मान डोलावतात. घरी जाऊन नेमकं करायचं काय, हे मात्र कोणालाच कळलेलं नसतं.

वारं लागतं हे अगदीच खोटं नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते २००२ या काळात शिकागोच्या १८० वस्त्यांमधल्या ८ ते २५ वर्षांच्या जवळजवळ तीन हजार मुलामुलींचा अभ्यास केला. घरची परिस्थिती आणि वस्ती यांचा फरक हिशेबात धरल्यावर असं दिसलं की ज्यांचे आईबापही अमेरिकेतच जन्मले आहेत अशा मुलांच्या तुलनेत, परदेशात जन्मून इथे आलेल्या मुलांच्या हातून हिंसा होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी होती. इथे जन्मलेल्या, पण आईबाप बाहेरून आलेल्या मुलांमध्ये ती २२ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे पिढी पुढे सरकते तसा फरक मिटत जातो. या अभ्यासातली बरीच मुलं मेक्सिकन कुटुंबांतली होती, हे आवर्जून सांगतो. "त्या मुलांबरोबर फिरू नकोस" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं, ते आपल्यालाही ठाऊक असतं.

हे आकडे वाचून घाबरू नका. दुसरी पिढी बिघडते असा त्यांचा अर्थ नाही. दुसरी पिढी हळूहळू आजूबाजूच्या मुलांसारखी होते, एवढंच ते सांगतात. आजूबाजूची मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षी थोडा उच्छाद मांडतात आणि विशीत बहुतेक जणांचा तो आपोआप ओसरतो. पहिल्या पिढीच्या मुलांचं वागणं वेगळं दिसतं याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्याभोवती माणसं आणि नजरा जास्त असतात, आणि गमावण्यासारखंही बरंच असतं. दुसऱ्या पिढीत हे कवच पातळ होतं. ते कसं टिकवायचं आणि कुठे मुद्दाम नव्याने घालायचं, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न आहे.

बाहेरून आलेले लोक आणि गुन्हे हा विषय अमेरिकेला नवा नाही. १९३१ साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगाने सांगितलं होतं की परदेशात जन्मलेले लोक आपल्या संख्येच्या मानाने इथल्यांपेक्षा कमी गुन्हे करतात. तेव्हा बोटं दाखवली जात होती ती इटालियन आणि पोलिश लोकांकडे. पुढे १९४२ साली क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारीचे नकाशेच मांडले. कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, नंतर इटालियन आणि पोलिश आले. माणसं बदलली तरी त्या वस्त्यांमधलं मुलांच्या गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं, आणि जे तिथून बाहेर पडले त्यांच्या मुलांचं प्रमाण खाली आलं. दोष रक्तात नव्हता, वस्तीत होता.

आपल्यातल्या बहुतेकांनी शाळांचं रेटिंग बघून उपनगरात घर घेतलं, म्हणजे शॉ आणि मॅके न वाचताच त्यांचं ऐकलं. पण त्या सुरक्षिततेतला बराच वाटा पगाराचा आहे, संस्कारांचा वाटतो तेवढा नाही. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर किंवा टेक्ससमध्ये मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करणाऱ्या भारतीय बापाची मुलंही याच देशात वाढतात, आणि त्यांना ती सुरक्षितता मिळत नाही. शिवाय उपनगरातही गडबड होते, फक्त ती वेगळ्या प्रकारची असते. त्याकडे पुढे येतोच.

आईबापांनी वाचावं असं सगळ्यात कामाचं संशोधन अलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत यांचं आहे. १९९२ साली त्यांनी मायामी परिसर आणि सॅन दिएगो इथल्या आठवी-नववीतल्या पाच हजारांहून जास्त मुलांना गाठलं. ती मुलं ७७ देशांमधून आलेल्या कुटुंबांतली होती. पुढची दहा वर्षं या मुलांचा माग काढला गेला. संशोधकांच्या लक्षात आलं की मूल किती 'अमेरिकन' झालं यापेक्षा आईबाप आणि मूल किती बरोबरीने बदलले याला जास्त महत्त्व आहे. दोघं साधारण एका गतीने शिकत गेले तर निभावतं. घरची भाषा आणि आपला गोतावळा राखून इथलं शिकलं तर सगळ्यात बरं. धोका असतो तो मूल झपाट्याने पुढे गेलं आणि आईबाप जागच्या जागी राहिले तर. मग शाळेची चिठ्ठी मूल वाचून दाखवतं, फोनवर तेच बोलतं आणि घरात कोणाचं ऐकायचं हेही तेच ठरवतं.

"आम्हाला इंग्रजी येतं, आमचा काय संबंध?" असं मनात आलं असेल. ऑफिसचं इंग्रजी येतं हो. पण डिटेन्शन आणि सस्पेन्शन यांत फरक काय, शाळेतला काउन्सेलर नक्की कोणत्या कामासाठी असतो, 'होमकमिंग'च्या रात्री मुलं नाचानंतर कुठे जातात, हे विचारलं तर आपल्यातले किती जण उत्तर देतील? मुलाला हे लवकर कळतं. एकदा ते कळलं की "आई, इथे असंच असतं" हे वाक्य कुठल्याही दाराला लागणारी किल्ली होतं. तुम्हाला तपासून बघता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा पहिलं काम स्वतःवर करायचं. ज्या वर्षी मूल मिडल स्कूलला जाईल, त्या वर्षी शाळेचं नियमांचं पुस्तक बसून वाचा. ते वेबसाइटवर असतं आणि बहुतेक पालक ते न वाचताच सही करतात. 'बॅक टू स्कूल नाइट'ला दोघांनी जा. गुणांचं ॲप तासातासाला उघडणं म्हणजे शाळा कळणं नव्हे. गणितात ९४ मिळाले हे ॲप सांगेल, पण डब्याच्या सुट्टीत पोरगं एकटं बसतं हे सांगणार नाही. काउन्सेलरला वर्षाच्या सुरुवातीलाच, काही बिघडलेलं नसताना, एक ईमेल टाकून ओळख करून द्या.

दुसरं काम माणसांचं. मिन झोउ आणि कार्ल बँक्स्टन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या व्हर्साय नावाच्या वस्तीतल्या व्हिएतनामी मुलांवर १९९८ साली 'ग्रोइंग अप अमेरिकन' हे पुस्तक लिहिलं. निर्वासित कुटुंबं, हातात पैसा नाही, आजूबाजूची वस्ती गरीब. तरीही जी मुलं चर्च, शिकवण्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांच्या जाळ्यात घट्ट होती, ती अभ्यासात पुढे गेली. जी त्या जाळ्याबाहेर राहिली, ती सहज घसरली. आपल्याकडे असं जाळं तयार आहे: मंडळ, शनिवार-रविवारची मराठी शाळा, गणपती, ढोल-ताशा पथक. फक्त आपण ते मुलांना नटवून स्टेजवर उभं करण्यासाठी जास्त वापरतो. नाच बसवणाऱ्या मावशीने सरावानंतर दहा मिनिटं पोरींशी गप्पा मारल्या, तर तिला जे कळेल ते तुम्हाला कळायला सहा महिने लागतील. आणि त्या मावशीने ते सगळं लगेच तुमच्या कानावर घालू नये. मुलाला विश्वासाने बोलता येईल असं एक तरी मोठं माणूस हवं, जे त्याच्या आईबापाचा हेर नाही. अशा माणसाशी आधीच ठरवून ठेवा की जिवाला धोका असेल तेवढंच सांगायचं, बाकीचं त्याच्यापाशीच राहील.

आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने येतात. त्या काळात आपण त्यांना नायगारा दाखवतो. मुलांच्या दृष्टीने त्यांचा खरा उपयोग दुपारी तीन ते सहा या वेळात असतो. शाळेच्या दिवसांत मुलांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या या तासांत सर्वाधिक होतात, असं अमेरिकेतले आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. घरात कोणी तरी असणं, चहा टाकलेला असणं, "काय रे, आज उशीर?" असं कोणी विचारणं एवढ्यानेही बराच फरक पडतो. आजी नसेल तेव्हा खेळाचा संघ, लायब्ररी, नाहीतर शेजारचं घर बघा. पण हे तीन तास रिकामे सोडू नका.

भाषेबद्दल पोर्तेस-रुम्बाउत यांच्या अभ्यासातला निष्कर्ष आपल्या सोयीचा आहे: ज्यांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, त्या मुलांचे आईबापांशी खटके कमी उडत आणि स्वतःबद्दलचं मतही बरं असे. पण बऱ्याच घरांत मराठी उरते ती "जेव", "आवर", "फोन ठेव" एवढ्यापुरती. मग मुलाच्या कानाला ती हुकमांची भाषा वाटू लागते आणि मन मोकळं करायला ते इंग्रजीकडे, म्हणजे घराबाहेर जातं. मराठीत विनोद करा, ऑफिसमधल्या भांडणाची हकीकत सांगा, स्वतःला कसली भीती वाटते तेही सांगा. मूल इंग्रजीत उत्तर देईल. देऊ द्या.

आता उपनगरातल्या गडबडीबद्दल. आपल्या घरात 'डेलिन्क्वन्सी' शिरते ती चाकू-सुरे घेऊन नाही. ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या व्हेपमधून येते, ज्याला आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास असतो आणि आईला वाटतं नवीन बॉडी स्प्रे आणलाय. ती सेफोरातून खिशात घातलेल्या लिपस्टिकमधून येते, खोट्या ओळखपत्रातून आणि मित्राच्या तळघरातल्या बिअरमधून येते. शिवाय फोनमधून येते. सोळा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीचा उघडा फोटो मागवला, मित्रांना पाठवला, तर बऱ्याच राज्यांत तो गंभीर गुन्हा ठरू शकतो, कारण फोटोतली व्यक्ती अठरा वर्षांखालची आहे. मुलीने स्वतःहून पाठवला होता, याने ते माफ होत नाही. हे मुलाला बाराव्या वर्षी, फोन हातात देतानाच, लाज बाजूला ठेवून सांगायला हवं. बापाने सांगितलं तर जास्त बरं.

गोळ्यांचा विषय सगळ्यात जीवघेणा आहे. परीक्षेच्या आठवड्यात जागायला ॲडरॉल, झोपायला झॅनॅक्स, मित्राकडून किंवा स्नॅपचॅटवरून. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०२४ मध्ये तपासलेल्या फेंटॅनिलमिश्रित बनावट गोळ्यांपैकी १० तल्या ५ गोळ्यांत जीव जाऊ शकेल एवढी मात्रा होती. हुशार, ए ग्रेडवाली मुलंही या गोळ्या घेतात, कारण त्यांना त्या नशेच्या वाटत नाहीत, अभ्यासाच्या वाटतात. अशा वेळी जीव वाचवू शकणारा नार्कन हा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. घरात कुठली गोळी नसली तरी आणून ठेवा. शेजारच्या मुलालाही लागू शकतो.

गुणांनी सगळं झाकलं जातं, हा आपल्या समाजाचा खास रोग आहे. भारतीय मूल म्हणजे स्पेलिंग बीवालं मूल, असं शिक्षकही धरून चालतात. त्यामुळे आपलं पोर घसरत असेल तर शाळेला उशिरा कळतं आणि आपल्याला त्याहून उशिरा. मूल दोन आयुष्यं जगायला शिकतं, एक घरी दाखवायचं आणि एक बाहेरचं. त्यातलं बाहेरचं बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतं: एखादी मैत्रीण, एखादी पार्टी. पण तेवढ्यासाठीही खोटं बोलावं लागत असेल, तर खरं संकट आलं की ते मूल तुम्हाला फोन करत नाही. म्हणून डेटिंगसारख्या गोष्टींवर सरसकट बंदी घालण्याआधी तिची किंमत मोजा. माझं मत विचाराल तर ती परवडत नाही. त्यापेक्षा घरात एक करार करा: रात्री कितीही वाजता, कुठूनही, "मला घ्यायला या" असा मेसेज आला तर आम्ही येऊ, आणि सकाळपर्यंत एकही प्रश्न विचारणार नाही. हा करार पाळायला फार अवघड आहे. गाडीत बसलेल्या मुलाच्या तोंडाला वास येत असतो आणि तुमच्या जिभेवर पंधरा वाक्यं असतात. ती गिळा.

आणि हात उचलू नका. नैतिक मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी, अंगावर वळ दिसले तर शिक्षकांना कायद्याने ते कळवावंच लागतं, आणि मग घरात बालसंरक्षण विभागाची माणसं येतात.

समजा, एक दिवस फोन आलाच. शाळेतून, नाहीतर पोलिसांकडून. इथे आपली मराठी सवय आपल्याच अंगाशी येते. आपण धावत जातो आणि सगळ्यांदेखत मुलाला सांगतो, "सांग खरं काय ते, सरांची माफी माग." भारतात मोठ्यांपुढे मान तुकवली की प्रकरण मिटतं, हा अनुभव डोक्यात असतो. इथे ते शब्द जबाब म्हणून कागदावर उतरतात. १९६४ साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून पकडलं. वकील नाही, तक्रारदार बाई कोर्टात आलीच नाही, आणि न्यायाधीशांनी त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवलं. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बालन्यायालयातही मुलाला वकिलाचा हक्क असल्याचं सांगितलं. त्या हक्काचा उपयोग करा. मुलाकडून आधीपासून दोन वाक्यं पाठ करून घ्या: "मला माझ्या आईबाबांशी बोलायचंय" आणि "वकील आल्याशिवाय मी काही सांगणार नाही." यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. अशा वेळी पोलिसांशी नम्रपणे गप्प राहणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे त्याला समजावा. शाळेच्या खोलीत पोलीस असले तरी हेच लागू. कॅलिफोर्नियात तर २०२१ पासून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाची कोठडीतली चौकशी त्याने वकिलाशी बोलल्याशिवाय करता येत नाही. उलट टेक्सस आणि जॉर्जियात सतराव्या वर्षी मुलावर थेट मोठ्यांच्या कोर्टात खटला चालतो. डॅलस, ह्यूस्टन किंवा अटलांटात राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

मूल अजून अमेरिकन नागरिक नसेल, एच-४ वर किंवा ग्रीन कार्डावर असेल, तर पणाला आणखी बरंच लागलेलं असतं. बालन्यायालयाचा निकाल इमिग्रेशनच्या दृष्टीने सहसा दोषसिद्धी धरला जात नाही. मोठ्यांच्या कोर्टातला धरला जातो. न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया इथे एकविशीनंतर गांजा चालतो, पण केंद्रीय कायद्यात तो आजही गुन्हा आहे आणि इमिग्रेशन चालतं ते केंद्रीय कायद्याने. कॉलेजात गेलेल्या मुलाने "आमच्या राज्यात लीगल आहे" म्हणून व्हिसाच्या मुलाखतीत कबुली दिली, तर पुढची दारं बंद होऊ शकतात. दुकानातली किरकोळ चोरीसुद्धा त्या कायद्यात जड जाते. आणखी एक सापळा आहे. मोठ्यांच्या कोर्टातले वकील अनेकदा "गुन्हा कबूल करा, वर्षभर नीट वागा, रेकॉर्ड पुसलं जाईल" असा तोडगा आणतात. राज्याच्या लेखी ते पुसलंही जातं. पण कबुली दिली आणि कोर्टाने काही अट घातली, तर इमिग्रेशनच्या लेखी ती दोषसिद्धीच राहते. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालानंतर फौजदारी वकिलाने असे परिणाम अशिलाला सांगणं बंधनकारक आहे. तरी सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळा फोन करा. दोन वकिलांची फी एका डिपोर्टेशनपेक्षा स्वस्त पडते.

प्रकरण मिटलं की आपल्याकडे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे कुटुंब मंडळात यायचं बंद होतं. ज्या वेळी त्या मुलाला जास्त माणसं हवी असतात, नेमकं त्याच वेळी आपण त्याच्याभोवतीची माणसं काढून घेतो. अशा घरी कोणी तरी जेवायला बोलवायला हवं, आणि विषय न काढता. दुसरी म्हणजे "पाठवून देऊ पुण्याला काकांकडे, तिथे सरळ होईल." काही मुलांना भारतातलं वर्ष मानवतं, हे खरं. पण शिक्षा म्हणून पाठवलेलं, देवनागरी धड वाचता न येणारं अकरावीतलं पोर तिथे आणखी एकटं पडतं. ग्रीन कार्ड असेल तर सलग वर्षभराहून अधिक बाहेर राहिल्याने तेही धोक्यात येतं. काउन्सेलिंग इथेच होऊ शकतं. मनात जीव देण्याचे विचार असतील तर ९८८ हा नंबर देशभर चालतो, फोनवर आणि टेक्स्टवर.

एक कागदी काम राहिलं, ते याच महिन्यात उरका. तुमच्यापैकी एकाने नागरिकत्व घेतलं तेव्हा मूल अठरा वर्षांखालचं होतं, त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि ते तुमच्या ताब्यात तुमच्याबरोबर राहत होतं, तर २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने ते त्याच वेळी आपोआप नागरिक झालं. अनेक घरांत हे माहीतच नसतं आणि मुलाच्या हाती पुरावा म्हणून काहीही नसतं. त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढा किंवा एन-६०० फॉर्म भरून नागरिकत्वाचा दाखला मागवा. आणि तुमचा स्वतःचा नागरिकत्वाचा अर्ज "बघू पुढच्या वर्षी" म्हणून पडून असेल, तर मुलाचा अठरावा वाढदिवस किती दूर आहे ते बघा.